सुट्टीचा भाव

सावळीराम नानांना आयुष्यात जे काही कळलं ते झेंडूकडून कळलं, आणि झेंडूनं त्यांना सांगितलेली पहिली गोष्ट अशी की भाव दिवसाचा असतो. पितृपंधरवड्यात जो झेंडू कुणी ढुंकून बघत नाही, परत न्यायचं गाडीभाडं अंगावर नको म्हणून बाजारातच ओतून यावा लागतो, त्याच झेंडूसाठी दसऱ्याच्या आदल्या दिवशी माणसं हातघाईवर येतात. त्या दिवशी नाना सांगतील तो भाव. उभ्या आयुष्यात त्यांनी असाच धंदा केला आणि महाग फुलं विकली म्हणून पोलिसांनी त्यांना धरून नेलं असं एकदाही झालं नाही. उलट गिऱ्हाईक फुलं घेऊन वर राम राम करून जायचं.

फूलबाजाराची आणखी एक रीत होती. पूजेच्या सामानाचे दुकानदार दसऱ्याच्या बरेच दिवस आधी इसार देऊन माल राखून ठेवायचे. पण इसार मालाचा, भावाचा नाही. तुमच्या नावाचे क्रेट बाजूला निघणार, भाव मात्र त्या पहाटे निघेल तो. यावरून कधी तंटा झाला नाही, कारण ही रीत सगळ्यांनाच पाठ होती. अडचण एवढीच की ती फूलबाजारातच पाठ होती, आणि नाना आता फूलबाजारात नव्हते. ते एका हॉटेलच्या काउंटरवर बसत होते.

मखमलाबाद रोडला लागून त्यांच्या मळ्याचा एक तुकडा होता. त्यावर बारा खोल्यांचं हॉटेल बांधायची कल्पना सुनेची, भाग्यश्रीची. लग्नाआधी ती गंगापूर रोडच्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर नोकरीला होती आणि तिला त्या धंद्याच्या खाचाखोचा माहीत होत्या. नानांनी वर्षभर तोंड फुगवलं, मग एका अटीवर जमीन दिली, की हॉटेलचं नाव शेवंती ठेवायचं. हे त्यांच्या स्वर्गवासी बायकोचं नाव असावं असा पाहुण्यांचा समज होई. तसं काही नव्हतं. त्या तुकड्यात शेवंती चांगली यायची, इतकंच.

मुलगा महेश ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला. त्यामुळे हॉटेल खरं चालवायची ती भाग्यश्री. फोन, बुकिंग, चादरी, नळवाला, वायफाय, सगळं तिच्याकडे. नाना दुपारी तासभर काउंटरवर बसायचे आणि आलेल्या गेलेल्याला सांगायचे की हा लॉज आपला आहे. भाग्यश्री आतून म्हणायची, "नाना, हॉटेल." नाना म्हणायचे, "तेच ते."

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. शनिवार, रविवार, सोमवार अशा तीन सुट्ट्या लागून आल्या की मुंबई-पुण्याच्या माणसांना घर खायला उठतं. मग ते नाशिकला येतात. थंडी असते, द्राक्षं असतात, पंचवटी आहे, त्र्यंबक आहे, आणि ज्यांचं देवाशी फारसं जमत नाही त्यांच्यासाठी वायनरी आहे. नाशिक कुणालाच नाही म्हणत नाही.

गुरुवारी भाग्यश्री माहेरी सिन्नरला गेली. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि तिच्या आईनं ते तिच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. दोन दिवस काउंटर नानांकडे आला. बसल्या बसल्या त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मोतीरामला फोन लावला. मोतीराम फूलबाजारातला जुना सोबती. नानांच्याही आधी त्यानं गुलाब उपटून पेठ रोडला लॉज टाकला होता.

"काय निघाला?" नानांनी विचारलं.

"पाच हजार," मोतीराम म्हणाला. "आन् अजून चढंल."

नानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हा तर दसराच झाला. त्यांनी कुठली खोली कुणाला दिली आहे ते पाहिलं. बहुतेक खोल्या शनिवारी रिकाम्याच होत्या, त्या त्यांनी फोनवर भराभर पाच-पाच हजारांना लावून टाकल्या. दोन खोल्या मात्र भाग्यश्रीनं बरेच दिवस आधीच देऊन ठेवल्या होत्या. देवळ्याच्या वत्सलाबाई आहेर, सगळ्या बायका, शनिवार-रविवार, दोन रात्री. भाव अठराशे. बाईंच्या नातवानं मोबाइलवरून इसारही पाठवला होता आणि भाग्यश्रीनं उलट मेसेज केला होता, तुमच्या दोन्ही खोल्या पक्क्या.

अठराशे हा आकडा नानांच्या डोळ्यांत कुसळासारखा गेला. त्यांनी देवळ्याला फोन लावला.

"बाई, मी शेवंतीमधून बोलतो. भाव वाढलाय."

"कांद्याचा?" पलीकडून मोठ्या आशेनं विचारलं गेलं.

"खोलीचा. आता पाच हजार हे."

पलीकडे कुणीतरी रेडिओ बंद केला. मग वत्सलाबाई म्हणाल्या, "पन तुमच्या पोरीनं तं अठराशे सांगितलंय. इसार बी घेतलाय."

"इसार खोलीचा आसतो बाई. भावाचा नाय."

"आम्ही शनवारी येतोय," बाई म्हणाल्या. "आल्यावर बोलू." आणि त्यांनी फोन ठेवला.

नानांच्या मते व्यवहार झाला होता. माल राखलेला, भाव सांगितलेला, गिऱ्हाईक येणार. शुक्रवारी ठाण्याच्या एका जोडप्याचा फोन आला. कुठंच जागा नाही हो काका, काहीतरी करा. नानांनी विचार केला, देवळ्याच्या सगळ्या बायाच येणार, त्यांना दोन खोल्या कशाला? आणि त्यातली एक त्यांनी पाच हजारांनी ठाण्याला देऊन टाकली. पैसेही लगेच आले. त्या रात्री नानांना छान झोप लागली.

भाग्यश्री शनिवारी सकाळी परत आली. हातात वाणाच्या स्टीलच्या वाट्या होत्या, त्या तिनं काउंटरवर ठेवल्या, सगळं बुकिंग एकदा नजरेखालून घातलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"नाना, वत्सलाबाईंची एक खोली ठाण्याला कशी गेली?"

नानांनी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"मी त्यांना शब्द दिला होता," भाग्यश्री म्हणाली.

"मंग शब्द द्यावा. त्यात भाव कशाला सांगायचा?"

"माणूस खोली घेताना भाव विचारतो, नाना."

"सांगायचं, निघंल तो."

"हे असं करता येत नाही. हे कायद्यात बसत नाही."

आता कायद्याचं नाव निघालं म्हटल्यावर नाना खुर्चीत सावरून बसले. त्यांचा भाचा राज नाशिकच्या कोर्टात वकिली करत होता. असा घरचा वकील असताना कायदा आपल्या बाजूनं नसेल ही शंकाच त्यांना शिवली नाही. त्यांनी सुनेला ऐकू जावं म्हणून फोनचा स्पीकर लावला.

"राज, सुट्टीच्या दिवशी खोलीचा भाव वाढवला तर गुन्हा हे का?"

"नाही मामा, गुन्हा कसला," राज म्हणाला. मागे कुकरची शिट्टी झाली. "हॉटेलच्या खोलीचा भाव सरकार ठरवत नाही. मागणी असेल तर वाढवता येतो. सुट्टीत सगळेच वाढवतात. फक्त..."

"बास," नाना म्हणाले आणि फोन बंद केला. "ऐकलं?"

"तो 'फक्त' म्हणाला."

"वकिलाचं 'फक्त' लय लांबतं."

भाग्यश्री चिडून बोलली असती तर नानांना ते सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाशी कसं वागायचं हे बाजारात शिकायला मिळतं. पण ती अगदी हळू बोलली.

"भाव वाढवायला मी नाही म्हणतच नाही. मीच तुम्हाला म्हणणार होते, पुढच्या सुट्ट्यांना जास्त भाव लावू. पण तो आधी लावायचा, बोर्डावर लिहायचा, आणि मग सांगितलेला पाळायचा. मी एक सांगायचं आणि माझ्या पाठीमागं तुम्ही दुसरं सांगायचं असं असेल, तर माझ्या बोलण्याला किंमत काय? मग या काउंटरवर मी कशाला? ह्या सुट्ट्या मी पार पाडते. मंगळवारी गंगापूर रोडला जुन्या साहेबांना भेटून येते. ते मला अजून बोलावतात."

महेश सुट्टी म्हणून घरीच होता आणि दारात उभं राहून सगळं ऐकत होता. त्यानं वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि सकाळीच पुसलेली मोटारसायकल पुन्हा पुसायला निघून गेला.

नानांनी वाणाच्या वाट्या उगाच एकात एक रचल्या. भाग्यश्री नसेल तर हॉटेल चालणार नाही, हा हिशेब होताच. पण त्याहून दुसरीच गोष्ट त्यांना लागली. बायको गेल्यापासून त्यांच्या तोंडावर त्यांना चुकलं म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. महेश तर जन्मजात हो म्हणणारा. भाग्यश्री आली आणि पुन्हा घरात भांडण सुरू झालं, आणि नानांना घर घरासारखं वाटायला लागलं. ती आता भांडतसुद्धा नव्हती. ती निघाली होती.

दुपारी वत्सलाबाई आल्या. एकट्या नव्हे, चौघी. रिक्षातून उतरल्या तेव्हा त्यांच्यात आणि त्यांच्या पिशव्यांमध्ये रिक्षावाला दिसतच नव्हता. सगळ्या बहिणी. थोरल्या वत्सलाबाई देवळ्याच्या, मग सिंधुबाई आणि भागीबाई, आणि धाकट्या साळूबाई, ज्यांची साठी उलटून गेली तरी बाकीच्या तिघी 'बारकी' म्हणत होत्या. चौघींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. हॉटेलात शिरताना साळूबाईंनी चपला बाहेर काढल्या, आणि भागीबाईंनी त्यांना त्या परत घालायला लावल्या.

"कुठलं लग्न हे?" नानांनी विचारलं. विषयाला हात घालायला त्यांना काहीतरी हवं होतं.

"लग्न नाय बाबा," वत्सलाबाई खुर्चीवर टेकल्या. "आमची लग्नं झाली तवापासून आम्ही चौघी एका जागी एक रात्र निजलो नाय. कार्याला जमतो, पन तिथं कामच काम. एकीच्या घरी जमलो तं ती चुलीपुढं आन् बाकीच्या तिच्या मागं मागं. मंग बारकी म्हनली, हाटेलात जाऊ. तिथं कुनी उठवून चहा मागनार नाय."

"पन सव्वीस जानेवारीच कशाला धरली? चार दिस पुढं मागं आला आसता तं भाव कमी आसता."

"पोरं नोकरीला हेत ना सगळ्यांची. त्यांना सुट्टी आसती तव्हाच ती घरी येऊन गाईगुरं बघतात. त्यांना सुट्टी नसंल तं आम्हाला कुठून आसंल?"

नानांनी घसा साफ केला आणि पाच हजार सांगितले. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला भाग्यश्री खाली मान घालून उभी होती.

चौघी बाजूला जाऊन कुजबुजल्या. चौघींचीही कुजबूज बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी होती. मग वत्सलाबाई परत आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. अशा गोष्टींची सवय झालेल्या माणसासारख्या बोलल्या.

"आमच्याकडं मार्केटात कांद्याची बोली होती. बोली झाली का ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर न्यायाचा. तिथं माल ओतला का तो म्हनतो, माल हलका हे, येवढे कमी घ्या. वांधा काढतो. आता ओतलेला कांदा कोन परत भरनार? घेतो आम्ही तो देतो ते. तसंच हे. आम्ही आता उतरलोय. एकच खोली द्या. चौघी एकीत राहू."

वत्सलाबाईंनी काउंटरवर पैसे मोजून ठेवले. भाग्यश्रीनं त्यांच्या दोन पिशव्या उचलल्या आणि चौघींना वर घेऊन गेली.

नाना काउंटरवर बसून राहिले. त्यांना कांदा माहीत नव्हता, पण ओतलेला माल माहीत होता. एका साली ते गुलाबाचा टेम्पो घेऊन मुंबईला गेले होते. तिथल्या व्यापाऱ्यानं फोनवर भाव कबूल केला होता. माल उतरवून घेतल्यावर त्यानं निम्मा भाव सांगितला, आणि वर म्हणाला, पटत नसेल तर भरा परत. उन्हं वर आली होती, गुलाब मान टाकत होते. नानांनी निम्मे पैसे घेतले. टेम्पोच्या सावलीत बसून भाकरी सोडली तर घास गिळवेना. त्या व्यापाऱ्याला त्यांनी नंतर कित्येक वर्षं शिव्या दिल्या, आणि त्या दर वेळी मनापासून दिल्या. परवा देवळ्याला परत जाताना एसटीत बसून कुणीतरी त्याच शिव्या सावळीरामला देणार होतं. ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही.

भाग्यश्री खाली आली. "त्यांचं भागलं, नाना," ती म्हणाली. "माझं नाही भागलं." आणि आत निघून गेली.

नाना उठून बाहेर अंगणात गेले. इकडे तिकडे कुणी नाही असं पाहून त्यांनी राजला फोन लावला. या वेळी स्पीकर लावला नाही.

"तू सकाळी 'फक्त' म्हनला होता. पुढचं सांग."

"मामा, तुम्ही फोन ठेवलात."

"आता धरलाय. सांग."

"फक्त, भाव आधी सांगायचा. सगळ्यांना दिसेल असा लावायचा. आणि एकदा ठरलेल्या भावानं खोली पक्की केली, पैसे घेतले, की मग तो वाढवता येत नाही. सुट्टी असो नाहीतर कुंभमेळा असो. गिऱ्हाईक ग्राहक आयोगात गेलं तर हॉटेलवाल्याच्या बाजूनं बोलायला काही राहत नाही." राजला शंका आली. "तुम्ही काय केलंय, मामा?"

नानांनी सांगितलं.

"तुम्ही हरणार," राज म्हणाला. "आणि मी तुमची केस घेणार नाही. हरलेल्या मामाकडून फी मागायला मला लाज वाटेल."

"मंग ठाणेवाल्यांना नाय म्हनून टाकतो."

"त्यांचेही पैसे घेतलेत ना? त्यांनाही तुम्ही शब्दच दिलाय. खोली शोधा त्यांच्यासाठी. वर लागतील ते पैसे तुमच्या खिशातून."

नानांनी महेशला मोटारसायकल काढायला लावली. दोनदा पुसलेल्या गाडीवरून बाप-लेक पेठ रोडला गेले. मोतीरामच्या लॉजवर लग्नघराइतकी गर्दी होती. मोतीरामनं नानांचं म्हणणं सगळं ऐकून घेतलं, आणि हसू दाबत म्हणाला, "एक खोली हे. सात हजार. रातीचे."

"परवा तं पाच सांगत होता."

"ते परवा. भाव दिवसाचा आसतो. बाजारात मला कोन शिकवायचं?"

"मोत्या, आपली ओळख..."

"ओळख हे म्हनून तं आठ सांगितले नाय."

यात बेकायदेशीर काही नव्हतं. मोतीरामनं कुणाला आधी शब्द दिला नव्हता, भाव सरळ तोंडावर सांगितला होता, पाहिजे तर घ्या नाहीतर जा. हेच नानांना जास्त झोंबलं. त्यांनी दोन रात्रींचे वरचे पैसे खिशातून काढून दिले. सुट्टीचा भाव त्यांनी आयुष्यभर घेतला होता, दिला आज पहिल्यांदा. देणाऱ्याच्या बाजूनं तो फारच मोठा दिसतो.

संध्याकाळी ठाण्याचं जोडपं आलं. नाना स्वतः त्यांना मोतीरामकडे सोडून आले. तिथली खोली मोठी, पुढं गॅलरी, आणि वर एक पैसा जास्त नाही, त्यामुळे ती दोघं नानांचे आभार मानून थकेनात. नानांना ते आभार घेववेनात. ते लगबगीनं परत निघाले.

आल्या आल्या ते जिना चढून वर गेले. बहिणींच्या खोलीचं दार उघडंच होतं. चौघींनी गादी खाली ओढून घेतली होती आणि पलंग नुसता पिशव्या ठेवायला ठेवला होता. भाकरी, ठेचा, तिळाच्या वड्या असा सगळा संसार मधोमध मांडला होता. वत्सलाबाई कशावरून तरी "लय भारी शे" असं अहिराणी वळणानं म्हणाल्या, आणि बाकीच्या तिघी हसून हसून लोळल्या, कारण देवळ्याला नांदून थोरली बाटली असं त्यांचं मत होतं.

नाना दारातच उभे राहिले.

"बाई, चूक माझी झाली," ते म्हणाले. "पोरीनं जो भाव सांगितला तोच तुमचा भाव. हे वरचे पैसे परत घ्या. आन् बाजूची खोली उघडून ठेवलीय, ती बी तुमचीच."

वत्सलाबाईंनी पैसे घेतले आणि कमरेच्या पिशवीत टाकले. "पैसे घेते," त्या म्हणाल्या. "खोली नको."

"नको?"

"दोघी तिकडं गेल्या तं गप्पा कुनासंगं मारायच्या?" त्यांनी एक वडी नानांच्या हातावर ठेवली. "तीळगूळ घ्या, गोड बोला. फोनवर बी."

चौघी पुन्हा हसल्या. या वेळी नानांनाही हसू आलं, जरी ज्या खोलीपायी त्यांनी मोतीरामचे खिसे भरले ती आता कुणालाच नको होती. ते खाली येऊन काउंटरवर बसले. बरं वाटत होतं, पण पुरतं नाही. भाग्यश्री आत स्वयंपाकघरात होती आणि तिचा मंगळवार अजून तसाच होता.

दिवेलागणीला एक कुटुंब आत आलं. नांदेडकडची माणसं, सोबत थकलेले म्हातारे वडील, कडेवर झोपलेलं पोर. त्र्यंबकहून दर्शन करून आले होते आणि तीन हॉटेलांतून परत फिरले होते.

"काका, एखादी खोली?" तो माणूस म्हणाला. "पाच, सहा, तुम्ही म्हणाल ते देतो."

नानांच्या कानात सहा हा आकडा अगदी स्पष्ट गेला. पोटातला जुना फूलवाला जागा झाला आणि त्यानं एकदा जिन्याकडे पाहिलं.

"खोल्या भरल्या," नाना म्हणाले.

"ती वरची उघडी दिसतेय. दिवा चालू आहे, आत कुणी नाही."

"रिकामी हे. पन पक्की झालेली हे."

"कोणी केली पक्की?"

"आमच्या मॅडमनी," नाना म्हणाले. "त्यांनी शब्द दिला का तो तसाच राहतो."

स्वयंपाकघराच्या दारात भाग्यश्री पाण्याची बाटली घेऊन उभी होती. मॅडम हा शब्द नानांच्या तोंडून तिनं कधी ऐकला नव्हता. नांदेडच्या माणसानं हात जोडले आणि तो वडिलांना धरून परत निघाला.

"थांबा," भाग्यश्री म्हणाली.

ती जिना चढून वर गेली. तिथं काय बोलणं झालं ते खाली ऐकू आलं नाही, पण चौघींचा एकदम झालेला होकार ऐकू आला. ती खाली आली आणि म्हणाली, "बाईंनी खोली सोडली. देता येईल."

कालचे नाना असते तर एव्हाना सहा हजार मोजून घेतले असते. त्यांनी तोंड उघडलं, पण त्या माणसाकडे बघून नाही. ते सुनेकडे वळले.

"काय भाव सांगू?"

भाग्यश्रीनं हातातल्या बाटलीचं घट्ट असलेलं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.

"अडीच हजार," ती म्हणाली. "सुट्टीचा भाव आहे. पण कुणालाही तोंडावर सांगता येईल असा आहे."

"अडीच," नानांनी पुढं सांगितलं.

"मी तर सहा म्हणालो होतो," तो माणूस चक्रावून म्हणाला.

"ऐकलं मी," नाना म्हणाले. ते म्हणताना त्यांना जो त्रास झाला तो त्यांनाच ठाऊक. "मॅडमनी अडीच सांगितलेत."

ती माणसं वर गेली. थोड्या वेळानं बहिणींच्या खोलीतून भाकरी आणि ठेचा बाजूच्या खोलीत गेल्याचं समजलं, आणि हॉटेलभर ठेच्याचा वास सुटला. भाग्यश्री काउंटरच्या आत येऊन उभी राहिली. नानांनी खुर्ची मोकळी करून दिली आणि स्वतः पलीकडच्या बाकावर, पाहुण्यांच्या जागी जाऊन बसले.

"मंगळवारी कितीला निघती तू?" त्यांनी विचारलं. आवाज सहज ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, तो काही साधला नाही.

"मंगळवारी मला कुठं वेळ आहे," भाग्यश्री म्हणाली. "होळीच्या सुट्ट्यांचे भाव ठरवायचेत. तुम्ही पण बसा माझ्यासोबत. भांडायला कुणीतरी लागेल ना."